परवानगी दिली आहे, तरी 'ॲक्सेस डिनाइड': शेअरपॉइंटवर परत आलेल्या माणसांची अडचण

लक्षण असं असतं. करार संपून गेलेला माणूस पुन्हा रुजू होतो. त्याला जुनाच ईमेल पत्ता मिळतो, मेल सुरू होतो, टीम्स सुरू होतं. शेअरपॉइंटवरची (कंपनीच्या फायली आणि पानं ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची सेवा) विभागाची साइट उघडली की मात्र 'ॲक्सेस डिनाइड'. साइटचा ओनर त्याला मेंबर्स ग्रुपमध्ये घालतो, काही फरक नाही. काढून परत घालतो, तरी तेच. मग कोणीतरी वैतागून सरळ फुल कंट्रोल देतं आणि दार तरीही बंदच राहतं. हेल्पडेस्कला तिकीट येतं तेव्हा त्यात बहुधा एकच ओळ असते: 'सगळे राइट्स दिलेत, तरी उघडत नाही, अर्जंट.'

जिथे कंत्राटी माणसं ११ महिन्यांच्या करारावर असतात आणि दोन करारांच्या मध्ये मुद्दाम खंड पाडला जातो, तिथे ही तक्रार दरवर्षी ठरल्या वेळी येते. अप्रेंटिस म्हणून आलेली मुलं काही महिन्यांनी कायम नोकरीवर परत येतात तेव्हाही येते. गेल्या वर्षी कशीबशी मिटवलेली असते, पण कशाने मिटली हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

सर्वांत आधी, राइट्स वाढवणं थांबवा. इथे परवानगी कमी पडलेली नाही. शेअरपॉइंटला समोरचा माणूस ओळखीचा वाटत नाही, आणि शेअरपॉइंटच्या जागी राहून पाहिलं तर त्याचं बरोबर आहे.

नेमकं काय होतं

आपल्याला वाटतं की सिस्टीम माणसाला ईमेल पत्त्यावरून ओळखते. तसं नाही. मायक्रोसॉफ्ट एंट्रा आयडीमध्ये, म्हणजे कंपनीची सगळी खाती जिथे असतात त्या डिरेक्टरीत, खातं तयार होतं त्या क्षणी त्याला स्वतःचा एक ओळखक्रमांक मिळतो, पीयूआयडी. पत्ता बदलता येतो, आडनाव बदलता येतं, हा क्रमांक बदलत नाही. खातं पूर्णपणे पुसलं आणि त्याच पत्त्याचं नवं खातं उघडलं, तर पत्ता तोच राहतो पण क्रमांक नवा पडतो.

दुसरीकडे शेअरपॉइंटची प्रत्येक साइट स्वतःपुरती एक लपलेली यादी ठेवते, यूजर इन्फर्मेशन लिस्ट. एखादा माणूस त्या साइटवर पहिल्यांदा आला, किंवा त्याला तिथे पहिल्यांदा परवानगी मिळाली, की त्याची ओळ या यादीत चढते आणि ओळीसोबत तो क्रमांकही. माणूस कंपनी सोडून गेला, एंट्रामधून खातं गेलं, तरी साइटच्या यादीतली ओळ आपोआप जात नाही. आता नव्या खात्याने तोच माणूस दारात येतो. पत्ता जुळतो, क्रमांक जुळत नाही. शेअरपॉइंट म्हणतं, हा तो नव्हे. आजोबांचं आणि नातवाचं नाव एकच आहे म्हणून तलाठी फेरफार न घालता सातबारा नातवाचा धरत नाही, तसंच हे.

म्हणूनच साइट परमिशन्समधलं 'चेक परमिशन्स' हे बटण इथे दिशाभूल करतं. तिथे माणसाचं नाव टाकलं की ते यादीतली जुनी ओळ बघून ऐटीत सांगतं की याला एडिट आहे, मेंबर्स ग्रुपमधून मिळालंय. सगळं ठीक दिसतं. तुम्ही पुन्हा राइट्स देता तेही त्याच जुन्या ओळीवर जाऊन बसतात. पाच वेळा ग्रुपमध्ये घालून काही होत नाही, त्याचं कारण हे.

खरंच हेच आहे का, ते कसं ओळखायचं

मला सर्वांत विश्वासाची वाटणारी तपासणी अगदी साधी आहे. ज्या साइटवर या माणसाचा पूर्वी कधीही संबंध आला नव्हता अशी एखादी साइट घ्या आणि तिथे त्याला नुसता रीड ॲक्सेस द्या. ती साइट उघडली आणि जुनी उघडत नसेल, तर निदान जवळपास पक्कं झालं. यादी प्रत्येक साइटची वेगळी असल्याने नव्या साइटवर जुनी ओळ आडवी येत नाही. तपासणी खासगी विंडोतच करा. नाहीतर ब्राउझरमध्ये साठलेलं जुनं लॉगिन गोंधळ घालतं आणि अर्धा तास वाया जातो.

दुसरी खूण एंट्रामध्ये मिळते. खात्याच्या माहितीत ते कधी तयार झालं याची तारीख असते. माणसाच्या नावावर २०२२ मधल्या फायली आहेत आणि खातं मात्र गेल्या महिन्यात जन्मलेलं आहे, तर पुढे काही विचारायची गरज उरत नाही. ही तारीख बघायला मिनिटही लागत नाही, आणि तरी तिकिटात ती कोणी लिहीत नाही. आमच्याकडे आता तिकिटाच्या फॉर्ममध्येच तो रकाना आहे.

तिसरा मार्ग ग्लोबल ॲडमिनसाठी. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ॲडमिन सेंटरमध्ये मदतीच्या चौकटीत 'साइट यूजर आयडी मिसमॅच' असं शोधलं की तयार तपासणी मिळते. साइटचा पत्ता आणि माणसाचा पत्ता दिला की ती दोन्हीकडच्या ओळखी ताडून बघते.

संदेशाचे शब्दही नीट वाचायला हवेत. हेल्पडेस्कवर सगळं 'ॲक्सेस नाही' या एकाच नावाने येतं, म्हणून पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट मागवा. परवानगी मागण्याचा फॉर्म दिसत असेल तर कदाचित खरोखरच राइट्स नसतील. हा वापरकर्ता डिरेक्टरीत सापडत नाही, अशा अर्थाचं वाक्य असेल तर ओळखीचाच घोळ असण्याची शक्यता जास्त. आणि कंपनीच्या धोरणामुळे या उपकरणावरून येता येणार नाही असं काही लिहिलं असेल, तर शेअरपॉइंट सोडा आणि कंडिशनल ॲक्सेस, म्हणजे कोणत्या उपकरणावरून आत येता येईल याचे नियम, बघा.

दुरुस्ती

आधी एक काम, जे बहुतेक जण गाळतात. या माणसाला त्या साइटवर काय काय मिळालेलं आहे ते लिहून घ्या: कोणते ग्रुप, आणि कुठल्या फोल्डरवर किंवा फाइलवर थेट नावाने दिलेली परवानगी. पुढच्या पायरीत जुनी ओळ जाते आणि तिच्यासोबत हे सगळं जातं. ग्रुप पुन्हा देणं सोपं असतं. पण एखाद्या टेंडरच्या फोल्डरवर दोन वर्षांपूर्वी कोणी नावाने दिलेला ॲक्सेस नंतर कोणाला आठवत नाही.

मग साइट कलेक्शन ॲडमिन, म्हणजे त्या साइटवर सर्व अधिकार असलेला ॲडमिन, म्हणून आत जा. सेटिंग्जमधून साइट परमिशन्स, तिथून ॲडव्हान्स्ड परमिशन्स, आणि कोणताही एक ग्रुप उघडा. वर ब्राउझरच्या पत्त्यात शेवटी मेंबरशिपग्रुपआयडी आणि त्यापुढे एक आकडा दिसेल. तो आकडा खोडून ० करा आणि एंटर मारा. आता त्या साइटला माहीत असलेली सगळी माणसं एका यादीत दिसतील. इथपर्यंत जायला मेनूमध्ये सरळ रस्ता नाही, त्यामुळे अनुभवी ॲडमिनही हे पान विसरतात. यादीत जुन्या माणसावर खूण करा आणि ॲक्शन्समधून 'डिलीट यूजर्स फ्रॉम साइट कलेक्शन' निवडा. तो माणूस स्वतः त्या साइटचा ॲडमिन असेल तर आधी ॲडमिनांच्या यादीतून त्याला काढावं लागतं.

साइट एकापेक्षा जास्त असतील तर पॉवरशेल, म्हणजे कमांड टाइप करून काम करण्याचं साधन, बरं. शेअरपॉइंट ऑनलाइनच्या मॉड्यूलमधली रिमूव्ह-एसपीओयूजर ही कमांड साइटचा पत्ता आणि लॉगिन नाव घेते आणि हेच काम करते. सगळ्या साइट्सवर आंधळेपणाने लूप मात्र फिरवू नका. ज्या साइट्सबद्दल खरंच तक्रार आहे त्या घ्या आणि प्रत्येकीवरच्या परवानग्या आधी उतरवून ठेवा.

ओळ गेल्यावर माणसाला पुन्हा नेहमीच्या ग्रुपमध्ये घाला. या वेळी यादीत नव्या क्रमांकाची ओळ चढते आणि साइट उघडते. एंट्रा किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुपमधून दिलेला ॲक्सेस पोचायला थोडा वेळ लागतो. लगेच उघडली नाही म्हणून घाबरून परत फुल कंट्रोलकडे वळू नका.

दुरुस्तीनंतर येणारं दुसरं तिकीट

साइट उघडली की दोन दिवसांत पुढची तक्रार येते: 'माझ्या जुन्या फायली गायब झाल्या.' त्या गायब नसतात. लायब्ररीत, म्हणजे साइटवर फायली ठेवतात त्या जागेत, 'माझी कागदपत्रं' असा व्ह्यू असतो आणि त्याचं फिल्टर आत आलेल्या माणसाची ओळख बघतं. जुन्या फायलींवर तयार करणारा म्हणून जुनी ओळ नोंदलेली आहे, आणि आत्ताचा माणूस नव्या ओळीचा आहे. नाव दोन्हीकडे तेच दिसतं, म्हणून गोंधळ वाढतो. फिल्टर नसलेला व्ह्यू दाखवा, फायली तिथे दिसतात. ज्या यादीत 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना आहे आणि रोजचं काम त्यावर चालतं, तिथे चालू नोंदींपुरतं नवं नाव निवडून द्यावं लागतं. जुन्या, बंद झालेल्या नोंदींना हात लावू नका. त्या वेळी त्या खात्याने ते काम केलं होतं, आणि रेकॉर्डमध्ये तेच राहायला हवं.

वनड्राइव्हचा, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतःच्या फायलींच्या जागेचा, प्रकार वेगळा. जुनी वनड्राइव्ह जुन्या ओळखीच्या मालकीची असते. नवीन खात्याला बहुधा शेवटी आकडा लागलेल्या पत्त्याची कोरी वनड्राइव्ह मिळते, आणि माणूस म्हणतो सगळा डेटा गेला. खातं काढल्यावर जुनी वनड्राइव्ह किती दिवस टिकते हे सेटिंगवर अवलंबून आहे. मुळात ते ३० दिवस असतं आणि ३६५० पर्यंत वाढवता येतं. ती अजून शिल्लक असेल तर ॲडमिनने तिचा ताबा घ्यावा आणि कामाच्या फायली विभागाच्या साइटवर हलवाव्यात. त्या नव्या वनड्राइव्हमध्ये भरल्या, तर पुढच्या खंडाला हाच खेळ पुन्हा सुरू होतो.

दरवर्षी का येतं

कारण खंड पडला की एचआर 'एक्झिट' पाठवतं आणि आयटी खातं डिलीट करतं. दोघंही आपापलं काम चोख करतात. एंट्रामध्ये डिलीट झालेलं खातं ३० दिवस परत आणता येतं, आणि तसं आणलं तर क्रमांक जुनाच राहतो आणि हा सगळा प्रपंच टळतो. पण माणूस पंधरा दिवसांत परत आला तरी नवीन रुजू झाल्याचा फॉर्म आलेला असतो, म्हणून नवं खातं उघडलं जातं. डिलीट झालेल्या खात्यांची यादी उघडून बघावी, हे त्या फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नसतं.

खाती स्थानिक ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरची खात्यांची यादी) वर एंट्रामध्ये सिंक होत असतील तर परत आणण्याचं काम खालीच करावं लागतं. तिथलं रीसायकल बिन आपणहून चालू नसतं, ते आधी सुरू केलेलं असायला हवं. ते बंद आहे हे बऱ्याच ठिकाणी गरज पडते त्या दिवशीच कळतं.

माझं मत सरळ आहे: परत येण्याची शक्यता असलेल्या माणसाचं खातं डिलीट करू नये. साइन-इन बंद करा, चालू सत्रं रद्द करा, ग्रुपमधून काढा. लायसन्सचा खर्च वाचवायचा असेल तर तेही काढता येतं, पण आधी मेलबॉक्सचं काय ते ठरवा. लायसन्स काढल्यावर मेलबॉक्समधला डेटा ३० दिवसच राहतो. मेलबॉक्स शेअर्ड करून ठेवला तर ५० जीबीपर्यंत त्याला लायसन्स लागत नाही. वनड्राइव्हमधल्या कामाच्या फायली लायसन्स काढण्याआधीच हलवा. कंत्राटदार एजन्सीला आणि एचआरला 'खंड' आणि 'कायमचा एक्झिट' हे दोन वेगळे पर्याय फॉर्ममध्ये द्या. हा एवढा बदल झाला तर वरची सगळी दुरुस्ती क्वचितच लागते.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या सहकारी बाईंच्या बाबतीत हेल्पडेस्क कधी कधी नव्या नावाचं नवंच खातं उघडून मोकळं होतं. ते करू नका. त्याच खात्याचं नाव आणि पत्ता बदला. क्रमांक तोच राहतो, परवानग्या टिकतात. एवढंच की पत्ता बदलला की वनड्राइव्हचा पत्ताही बदलतो आणि तिथून पाठवलेल्या जुन्या लिंका तुटतात. काही साइट्सवर जुनं आडनाव बरेच दिवस दिसत राहतं. ते त्यांना आधीच सांगून ठेवलं तर बरं.

एस. पाटील आणि एस. पाटील

आता असा प्रसंग, जिथे वरची दुरुस्ती डोळे मिटून केली तर नुकसान होईल. एस. पाटील नावाचा पत्ता एका माणसाकडे होता. तो गेला. दोन वर्षांनी दुसरे पाटील आले, पत्ता मोकळा होता, दिला. आता नव्या पाटलांना 'ॲक्सेस डिनाइड' येतंय. संदेश तोच, तिकीट तसंच, पण माणूस वेगळा. इथे शेअरपॉइंटने अडवलं नसतं तर पहिल्या पाटलांना नावाने दिलेलं सगळं, म्हणजे पगाराचा फोल्डर, चौकशीचे कागद, काहीही असेल ते, दुसऱ्यांना मिळालं असतं. म्हणून ओळ काढण्याआधी एचआरकडून एवढं विचारा की हा तोच कर्मचारी आहे का. कर्मचारी क्रमांक जुळवा. नावावर जाऊ नका.

वेगळा माणूस असेल तरी जुनी ओळ काढावी लागते, पण तुमच्याकडे उतरवलेली परवानग्यांची यादी त्याला द्यायची नाही. तो नवीन आहे, त्याचा विभाग जे सांगेल तेच द्यायचं. आणि रेकॉर्डचा प्रश्न उरतोच: २०२१ च्या तपासणी अहवालावर 'मंजूर: एस. पाटील' असं आहे, आणि ऑडिटर विचारतो, कोण हे पाटील? पत्ता पुन्हा वापरल्यामुळे नुसत्या पानावरून उत्तर देता येत नाही. त्यामुळे एकदा वापरलेला पत्ता दुसऱ्या माणसाला द्यायचा नाही, नवीन पाटलांच्या पत्त्यात मधलं आद्याक्षर घाला.

बाहेरच्या पाहुण्यांचं, म्हणजे गेस्ट खात्यांचं, असंच होतं. वैधानिक ऑडिटसाठी सीए फर्मची माणसं येतात, ऑडिट संपलं की गेस्ट काढले जातात, पुढच्या वर्षी त्याच पत्त्याला आमंत्रण जातं आणि साइट उघडत नाही. दुरुस्ती तीच. मात्र फर्मचा एकच सामायिक पत्ता सगळे आर्टिकल (फर्ममधले शिकाऊ सीए) वापरत असतील तर त्याला आमंत्रण देऊच नका. कोणी काय उघडलं हे ऑडिट लॉगमध्ये कळणार नाही. आणि तो लॉग साध्या लायसन्सवर १८० दिवसच राहतो, त्यामुळे नंतर शोधायला गेलात तर तोही नसेल.

तसंच दिसणारं, पण वेगळं

क्रमांक जुळत असूनही फाइल दिसत नसेल तर बहुधा पुढच्यांपैकी काहीतरी आहे. लायब्ररीत चेक-आउट (फाइल आपल्या नावावर घेऊन बदलणं आणि मग चेक-इन करून सगळ्यांना खुली करणं) सक्तीचं असेल आणि कोणी फाइल चढवून एकदाही चेक-इन केली नसेल, तर ती चढवणाऱ्याशिवाय कोणालाच दिसत नाही. माणूस निघून गेला की अशा फायली अडकून पडतात. लायब्ररी सेटिंग्जमध्ये एकदाही चेक-इन न झालेल्या फायलींसाठी वेगळं पान आहे, तिथून त्यांचा ताबा घेता येतो. मसुदा आवृत्त्यांचंही तसंच: प्रकाशित न केलेली आवृत्ती फक्त एडिट असणाऱ्यांनाच दिसावी असं सेटिंग असेल तर वाचकाला जुनीच फाइल दिसते, किंवा काहीच दिसत नाही.

फोल्डरवर वारसा, म्हणजे वरून आपोआप उतरणारी परवानगी, तुटलेला असणं हे फार जुनं दुखणं. वर साइटला परवानगी दिली, पण मधल्या फोल्डरने ती घेणं कधीच बंद केलंय. लोक एकेक फाइल शेअर करत जातात आणि प्रत्येक वेळी तिथे स्वतंत्र परवानगी तयार होते. एका लायब्ररीत अशा ५०,००० पर्यंत चालतात, पण मायक्रोसॉफ्टचाच सल्ला ५,००० च्या आत राहण्याचा आहे. फोल्डरमध्ये १,००,००० हून जास्त गोष्टी साठल्या की त्यावरचा वारसा तोडताही येत नाही आणि जोडताही येत नाही. वेगळी परवानगी हवी असेल तर वेगळी लायब्ररी करा. फोल्डरांच्या आत फोल्डर करून राइट्सचं जाळं विणू नका.

परवानगीची विनंती कोणाच्या मेलवर जाते हेही एकदा बघा. बऱ्याच साइट्सवर ती अजून नोकरी सोडून गेलेल्या ओनरकडेच जात असते. तिथे ओनर्सचा ग्रुप ठेवा.

शेवटी ज्यांची तक्रार उलटी असते ते लोक: 'माझ्याकडे फुल कंट्रोल आहे, तरी फाइल डिलीट होत नाही.' फाइलवर रिटेन्शन लेबलने (फाइल किती काळ जपायची हे ठरवणारी खूण) रेकॉर्ड असा शिक्का मारलेला असेल तर साइट ओनरलाही ती डिलीट करता येत नाही. लेबल रेग्युलेटरी रेकॉर्डचं असेल तर ग्लोबल ॲडमिनलाही ते काढता येत नाही. हिशोबाच्या कागदांबाबत हे योग्यच आहे. कंपनी अधिनियम २०१३ चं कलम १२८ हिशोबाची पुस्तकं आणि संबंधित व्हाउचर किमान ८ आर्थिक वर्षं जपायला सांगतं. अशा तिकिटावर राइट्स तपासत बसू नका. फाइलच्या तपशिलातलं लेबल बघा आणि तिकीट लेखा विभागाकडे वळवा. साइटची जागा भरली म्हणून फायली पुसून काही मोकळं होत नसेल तर प्रिझर्व्हेशन होल्ड लायब्ररी, म्हणजे जपण्याच्या धोरणामुळे पुसलेल्या फायलींच्या प्रती जिथे साठतात ती जागा, उघडून बघा. ती फक्त साइट ॲडमिनला दिसते, पण जागा साइटच्या कोट्यातूनच खाते. तिच्यातून हाताने काही काढायला जाऊ नका. कोणत्या धोरणामुळे ती भरतेय ते पर्व्ह्यूमध्ये, म्हणजे अशी धोरणं जिथे ठरतात त्या मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलमध्ये, शोधा, आणि तोवर त्या साइटचा कोटा वाढवून द्या.